एमटीआय: घणसोलीच्या एका विद्यार्थिनीच्या इंग्रजी उच्चारांची तपासणी

ऐरोलीच्या एका कंपनीत व्हॉइस प्रोसेसची, म्हणजे ग्राहकांशी फोनवर बोलायच्या कामाची, मुलाखत झाली आणि तृतीय वर्ष बी.ए.ला इंग्रजी घेतलेली एक विद्यार्थिनी पहिल्याच फेरीत बाद झाली. कारण फोनवर कळवलं गेलं: ‘एमटीआय जास्त आहे.’ एमटीआय म्हणजे मदर टंग इन्फ्लुअन्स. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कॉल सेंटरची मुलाखत दिलेल्या मुलांना हा शब्द पाठ असतो. तिने मला विचारलं, “मॅडम, म्हणजे माझ्या इंग्रजीत मराठी जास्त आहे, असंच ना? ती काढायची कशी?”

या प्रश्नात दोन गोष्टी तिने न तपासताच मान्य केल्या होत्या. समोरच्याला आपलं बोलणं कळलं नाही ते मराठीमुळे, ही एक. आणि मराठीपणा गेला की ते कळायला लागेल, ही दुसरी. दोन्हींची तपासणी करता येण्यासारखी होती आणि करायला ती तयार होती. हे टिपण तिच्या परवानगीने लिहिलं आहे. नाव आणि कॉलेज मुद्दाम दिलेलं नाही.

मुलगी कुठून आली

घणसोली गावठाणातलं आगरी कुटुंब. घरात आगरी, शाळा मराठी माध्यमाची. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली, त्यामुळे तिच्या वाट्याला इंग्रजी पहिलीपासूनच आलं. पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत पंधरा वर्षं झाली. या पंधरा वर्षांत तिने इंग्रजी भरपूर लिहिलं आणि वाचलं, ऐकलं कमी, आणि बोलली जवळजवळ नाहीच. नवा शब्द आला की गाईडमध्ये त्याच्या शेजारी देवनागरीत उच्चार आणि अर्थ छापलेला असायचा. तोच उच्चार डोक्यात बसला. तिच्यापुरता इंग्रजी शब्द ही डोळ्यांनी शिकायची वस्तू होती.

दुसरी गोष्ट तिने बऱ्याच उशिरा, सहज बोलता बोलता सांगितली. आगरीत ण आणि ळ यांच्या जागी न आणि ल येतात. शाळेत ती ‘पानी’ म्हणाली की वर्ग हसायचा आणि बाई सगळ्यांसमोर सुधारायच्या. तेव्हापासून वर्गात बोलायचंच झालं तर हळू आवाजात, भरभर, शब्दाची शेपटी गिळत उरकून टाकायचं, ही सवय लागली. ती सवय इंग्रजीतही आली. यातला विरोधाभास असा, की इंग्रजीत ण नाही आणि मराठीसारखा ळही नाही. ज्या दोन अक्षरांवरून तिला हसले, ती इंग्रजीला लागतच नाहीत. घरच्या बोलीने तिच्या इंग्रजीचं काहीही बिघडवलेलं नव्हतं. बिघडवलं असेल तर त्या हसण्याने.

भाषाशास्त्राच्या पेपरात मात्र तिला चांगले गुण होते. इंग्रजीचे ४४ ध्वनी, त्यांपैकी २० स्वर आणि २४ व्यंजनं, ध्वनिलिपीत शब्द लिहिणं, आघाताची, म्हणजे शब्दात जोर कुठे येतो त्याची, खूण करणं, हे सगळं तिला येत होतं. ‘कॅरॅक्टर’ या शब्दात आघात पहिल्या अवयवावर (सिलेबलवर) असतो, हे तिने परीक्षेत बरोबर दाखवलं होतं. सेमिनारमध्ये तोच शब्द ती दुसऱ्या अवयवावर जोर देऊन म्हणत होती, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. आमच्या अभ्यासक्रमावर याहून नेमका शेरा मला देता येणार नाही. उच्चारशास्त्र हा आमच्याकडे लेखी विषय आहे.

तपासणी कशी केली

रिकाम्या वर्गात, पंखा बंद करून, मोबाइलवर दोन रेकॉर्डिंग केली. एकात तिने स्वतःच्या सेमिनार पेपरचा भाग वाचला. दुसऱ्यात कागद न बघता गावच्या जत्रेबद्दल इंग्रजीत बोलली. दोन्ही वेगळी हवीत, कारण वाचताना स्पेलिंग जिभेवर स्वार होतं आणि बोलताना ते जरा मागे सरतं. जत्रेबद्दल बोलताना शब्दांची शेवटची व्यंजनं जास्त गळाली, पण लय मोकळी होती.

ऐकणारे चौघं निवडले: तिची ठाण्याची मराठी वर्गमैत्रीण, वाशीला राहणारे माझे मलयाळी सहकारी, इंग्लंडात लीड्सला स्थायिक झालेली माझी शाळेतली मैत्रीण आणि तिचा तिथेच वाढलेला मुलगा. एकेक वाक्य एकदाच ऐकायचं आणि ऐकू आलं ते लिहायचं. मग प्रत्येक वाक्याखाली दोन शेरे वेगवेगळे द्यायचे: समजायला किती त्रास पडला आणि बोलण्याची ढब किती परकी वाटली.

हे तीन भाग वेगळे ठेवण्यामागे कॅनडातले मरे मन्रो आणि ट्रेसी डरविंग यांचं १९९५चं काम आहे. ढब जाड असली तरी बोलणं पूर्ण कळू शकतं, हे त्यांनी दाखवून दिलं. एमटीआय या शब्दात नेमकी हीच गल्लत आहे. कळलं नाही आणि वेगळं वाटलं, या दोन तक्रारी त्यात एकाच डब्यात भरलेल्या असतात.

काय सापडलं

वर्गमैत्रिणीला सगळं कळलं. मलयाळी सरांना जवळजवळ सगळं. लीड्सच्या मैत्रिणीला थोडं अडखळायला झालं. मुलाच्या कागदावर मात्र जागोजागी भलतेच शब्द होते, आणि खरा अभ्यास त्या कागदाचाच झाला.

‘कॅरॅक्टर’ तिने म्हटलं ते कॅ-रॅक्-टर असं, मधल्या ‘रॅक्’वर जोर देऊन. मुलाने लिहिलं ‘करेक्ट हर’. ‘मिनिस्टर’, ‘इंडस्ट्री’, ‘कॅलेंडर’ या शब्दांचीही गत तशीच. चारही शब्दांत इंग्रजी आघात पहिल्या अवयवावर आहे, तिचा दुसऱ्यावर. चूक इतक्या नियमाने होते म्हणजे तिच्यामागे नियम असणारच, आणि तो आपल्या ओळखीचाच आहे. वृत्तं शिकताना आपण घोकतो की जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, अनुस्वार असलेलं अक्षर गुरू. मिनिस्टरमध्ये ‘स्ट’च्या आधीचं ‘नि’, इंडस्ट्रीत ‘स्ट्री’च्या आधीचं ‘ड’, कॅरॅक्टरमध्ये ‘क्ट’च्या आधीचं ‘रॅ’, कॅलेंडरमध्ये ‘लें’. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे वजन आपसूक भारी अक्षराकडे झुकतं. तीच चाल आपण इंग्रजी शब्दांना लावतो.

ही सवय पकडीत येत नाही याचं कारण म्हणजे ती पुष्कळदा बरोबर ठरते. सप्टेंबर, नोव्हेंबर, डिसेंबर, डिपार्टमेंट: या सगळ्यांत इंग्रजी आघातही दुसऱ्या अवयवावरच आहे. डिसेंबर बरोबर आणि कॅलेंडर चूक, हे शिकणाऱ्याला कुठून कळणार?

आघाताच्या दुसऱ्या बाजूला आघात नसलेले अवयव येतात. इंग्रजीत त्यांचे स्वर विरघळून आपल्या ‘अ’च्या जवळ जातात, मग स्पेलिंगमध्ये ए असो, ई असो की ओ. तिच्या बोलण्यात एकही स्वर विरघळत नव्हता. ‘ऑफ’, ‘टू’, ‘फॉर’, ‘वॉज’ हे किरकोळ शब्दसुद्धा नामांइतक्याच वजनाने येत. वाक्यात महत्त्वाचं काय ते ऐकणाऱ्याने स्वतः शोधून काढायचं. गंमत म्हणजे तो ‘अ’ मराठीत आहेच, आणि शब्दाच्या शेवटी तो गाळायचं कामही आपण रोज करतो. ‘राम’ आपण ‘राम्’ असाच म्हणतो. ध्वनी परका नाही, फक्त त्याची जागा परकी आहे.

स्वरांच्या लांबीचा घोळही मराठीतूनच आला होता. मराठीत इ आणि ई यांतला फरक बराचसा कागदावरचा. ऱ्हस्व की दीर्घ हे शब्दातल्या जागेवरून ठरतं, आणि बोलताना त्या फरकाने शब्द सहसा बदलत नाही. इंग्रजीत बदलतो. गाव सोडून जाणाऱ्यांबद्दलच्या वाक्यात तिने ‘लीव्ह’ म्हणायचं ते ‘लिव्ह’ म्हटलं, आणि मुलाच्या कागदावर लोक गाव सोडायचे ते गावात राहू लागले. वाक्याचा अर्थच उलटा झाला. म्हणून हा दोष मी महत्त्वाच्या दोषांत धरला.

व आणि व्हची भानगड वेगळीच. मराठी लेखनात आपण इंग्रजी ‘व्ही’ या अक्षरासाठी व्ह ठरवला (व्हिडिओ, व्हॅन) आणि ‘डब्ल्यू’साठी व (वाइन, वॉच). पण व्हाइट, व्हील, व्हॉट हेही व्हनेच लिहितो. परिणामी कवितेतला बुरखा (veil) आणि समुद्रातला देवमासा (whale) दोघेही देवनागरीत ‘व्हेल’. तिने कवितेतल्या बुरख्याबद्दल वाचलं आणि मुलाने देवमासा लिहिला. इंग्रजीत बुरख्यातला व वरचे दात खालच्या ओठाला टेकवून होतो, त्यात ह नाही. देवमाशातला व ओठांचा चंबू करून होतो, त्यात दात नाहीत. हे आरशासमोर दाखवलं की मुलींना लगेच जमतं. लेखनाची सवय मात्र पुन्हा पुन्हा ओढते.

आणखी एक बारीक गोष्ट. ‘पाथ’ म्हणजे वाट हा शब्द तिने आपल्या स्वच्छ प ने म्हटला. इंग्रज माणूस शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क मध्ये हवेचा एक झोत सोडतो. तो नसला की त्याला प हा ब सारखा ऐकू येतो. मुलाने वाटेच्या जागी आंघोळ लिहिली. मराठीत फ आहे, मग तो वापरू का, असं तिने विचारलं. पण मुंबई-ठाण्याच्या तरुण पिढीचा फ आता बहुतेक दात-ओठांचा झाला आहे, ‘फळ’ म्हणताना ओठ मिटतातच कुठे! तेव्हा तो उपाय इथे लागू पडत नाही.

ज्या गोष्टीवर उच्चाराच्या क्लासांत सर्वांत जास्त वेळ जातो, त्या थ आणि द मुळे एकही शब्द चुकला नाही. ‘थिंक’ मधला आपला थ दातांवरचा आणि ‘टिन’ मधला ट मूर्धन्य, जीभ वर टाळूकडे वळवून काढलेला. त्यामुळे ‘थिन’ आणि ‘टिन’ आपल्या तोंडी कधी एक होत नाहीत. ढब वेगळी वाटते एवढंच. ‘इस्कूल’ सुधारण्याचे सरावही तिला एका शिकवणीत करायला लावले होते. ती हिंदी पट्ट्याची अडचण आहे. स्नान, स्कंद, स्पर्श म्हणणाऱ्या मराठी मुलीला ती कधी नव्हतीच. भारतीयांच्या चुका अशा नावाने एकच यादी ठाण्यापासून पाटण्यापर्यंत चालवली की असं होतं.

मुलाखतीत तिने नेमकं काय केलं, हे मग विचारलं. मोबाइलवरच्या रील्स बघून तिने काही अमेरिकन खुब्या उचलल्या होत्या: जिभेत गुंडाळलेला र, ‘वॉटर’चं ‘वॉडर’, मध्येच ‘गॉना’. त्या चढवून, नेहमीपेक्षाही भरभर, ती बोलली होती. मी तिला तसं बोलून दाखवायला सांगितलं, तर मलाही न कळून दोनदा विचारावं लागलं. आघात तसेच चुकीच्या जागी, वर अमेरिकन र. मराठी जास्त झाल्यामुळे ती बाद झाली असं मला वाटत नाही. माझ्या मते मराठी झाकण्याच्या धडपडीत जे कळत होतं तेही गेलं.

आधीचे अभ्यास काय सांगतात

भारतीयांचं इंग्रजी इतरांना किती कळतं, हा प्रश्न जुना आहे. हैदराबादची सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश १९५८ साली निघाली, आणि तिथून १९६९ साली आर. के. बन्सल यांचा या विषयावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रिटिश श्रोत्यांना भारतीय इंग्रजी न कळण्याच्या कारणांत त्यांनी चुकीच्या शब्दाघाताला मोठं स्थान दिलं. पुढे २००० साली जेनिफर जेन्किन्स यांनी वेगळा प्रश्न विचारला. मातृभाषा इंग्रजी नसलेली दोन माणसं एकमेकांशी इंग्रजीत बोलतात तेव्हा कशामुळे अडतं? त्यांच्या यादीत स्वरांची लांबी, प-ट-क मधली हवा, जोडव्यंजनं आणि वाक्यातला मुख्य जोर आहे. थ-द नाही, आणि शब्दाघातही नाही.

दोन्ही मतं एकमेकांना छेद देतात असं वरवर वाटतं. आमच्या चार कागदांत दोन्ही खरी ठरली. मलयाळी सरांना ‘कॅरॅक्टर’ अडलं नाही, कारण ते स्वतः तसंच म्हणतात. लीड्सच्या मुलाला अडलं. ‘लीव्ह’ आणि ‘लिव्ह’ मात्र सरांनाही अडलं. म्हणून समोर कोण बसणार ते आधी विचारायला हवं. ज्या मुलीला परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलायचं आहे तिने आघातावर मेहनत घ्यावी. जिला कोपरखैरण्याच्या शाळेत शिकवायचं आहे तिने स्वरांची लांबी आणि शब्दांचे शेवट सांभाळले तरी पुष्कळ झालं.

काय केलं

थ-द, र आणि ढब यांना हात लावायचा नाही, असं पहिल्या दिवशीच ठरवलं. तिला ते पटायला वेळ लागला. “मॅडम, पण लोक आधी थ वरच बोट ठेवतात,” ती म्हणाली. लोक ठेवतात हे खरं आहे.

कामाला शब्द तिचेच घेतले, तिच्या पेपरांतले: ट्रॅजेडी, मेटॅफर, नॅरेटिव्ह, इमेजरी, कलोनिअल. प्रत्येक शब्दावर आधी वृत्तातल्या लघू-गुरूच्या खुणा करायच्या, म्हणजे मराठी कान कुठे झुकणार ते दिसतं. मग आवाज ऐकवणारा शब्दकोश लावून इंग्रजी आघाताची खूण दुसऱ्या रंगाने करायची. दोन खुणा जुळल्या तर शब्द सोडून द्यायचा. जुळल्या नाहीत तर तोच शब्द वहीत घ्यायचा. याने काम निम्म्याहून कमी झालं, कारण जुळणारे शब्द पुष्कळ निघाले. शाळेत यमाताराजभानसलगं पाठ केल्याचा इंग्रजीला उपयोग होईल असं तिला कधी वाटलं नसेल.

घणसोली ते ठाणे हा ट्रान्सहार्बरचा प्रवास ती रोज करते. गाडीतली उद्घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत होते. इंग्रजी वाक्यात आवाज कुठे चढतो आणि कुठले शब्द पुसट होतात, एवढंच ऐकायचं, असं सांगितलं. पुढे हाच कान तिने इंग्रजी बातम्यांना लावला. वाचताना किरकोळ शब्दांवर पेन्सिलने फिकट रेघ मारायची आणि ते दबक्या ‘अ’ने म्हणायचे. सुरुवातीला तिला हा निष्काळजीपणा वाटला, कारण स्पष्ट बोलणं म्हणजे प्रत्येक अक्षर उच्चारणं हेच शाळेत शिकवलेलं.

शब्दाच्या शेवटच्या स ला एक तयार उपाय मराठीत सापडला. इंग्रजी अनेकवचनांत बऱ्याचदा हा स घोषयुक्त होतो, म्हणजे घशात कंप होऊन येतो, तिच्या तोंडून तो सरसकट स यायचा. आपल्याकडे ज दोन आहेत: ‘राजा’तला तालव्य, ‘आज’ मधला दंत्य. ‘आज’ मधला ज त्या इंग्रजी ध्वनीच्या इतका जवळ आहे की तेवढं सांगितल्यावर ‘डॉग्ज’ आणि ‘बिकॉज’ जागेवर आले.

सर्वांत अवघड गेला तो वेग. तिथे ध्वनिशास्त्र कामाचं नव्हतं. शेवटी तिला जत्रेबद्दल आधी आगरीत बोलायला सांगितलं, वर्गातल्या तीन-चार मैत्रिणींसमोर, मग लगेच इंग्रजीत. आगरीत ती मोठ्याने, थांबत थांबत, हात हलवून बोलली. इंग्रजीत त्यातलं थोडं उतरलं. हे प्रत्येक वेळी जमलं असं नाही.

नंतर

सत्र संपताना पुन्हा रेकॉर्डिंग केलं. उतारा नवा घेतला, कारण जुना ऐकणाऱ्यांच्या कानांवरून गेला होता, आणि लीड्सच्या मुलाचा एक मित्र नवा श्रोता म्हणून जोडला. वाचलेल्या उताऱ्यात चुकीचे ऐकलेले शब्द अगदी थोडे राहिले. मोकळ्या बोलण्यात सुधारणा कमी होती. विषय रंगला की ‘कॅ-रॅक्-टर’ परत यायचा. ‘लीव्ह’ सुधारला, ‘फूल’ आणि ‘फुल’ अजून डळमळतात. ढबीच्या शेऱ्यात फरक जवळजवळ नाही. नव्या मुलाने लिहिलं: खूप भारतीय वाटतं, पण सगळं कळलं. तिला हे वाचून आधी वाईट वाटलं. त्याच ओळीचा दुसरा अर्धा भाग तिने दुसऱ्या दिवशी वाचला म्हणते.

ऐरोलीला ती पुन्हा गेली नाही. बी.एड.चा अर्ज भरला आहे.

आमच्या विभागात मात्र या प्रकरणावरून वाद सुरू आहे. तोंडी परीक्षेच्या गुणपत्रकात ‘उच्चार’ असा एकच रकाना होता. मी तो दोन भागांत मोडावा असं सुचवलं, कळलं का आणि कसं वाटलं, आणि गुण फक्त पहिल्याला द्यावेत. एका सहकाऱ्यांचं म्हणणं, मग १९१७ साली डॅनिएल जोन्सने उच्चारकोश काढला त्या प्रमाण उच्चाराचं आम्ही करायचं काय? वर्गात शिकवायचं की नाही? शिकवावं, ध्वनिलिपीसकट शिकवावं, असं माझं मत. मुलांना शब्दकोश वाचता यायला हवा. पण घणसोलीच्या मुलीने लंडनसारखं बोलावं यासाठी गुण राखून ठेवू नयेत. तूर्त रकाना एकच आहे, त्याखाली मी पेन्सिलने दोन आकडे लिहिते.

पुढच्या सत्रात ही तपासणी द्वितीय वर्षाच्या सगळ्या वर्गावर करायची आहे. वर्गात गुजराती, भोजपुरी, तमिळ घरांतली मुलं आहेत. लघू-गुरूच्या खुणांचा उपाय त्यांच्या कानांना लागू पडेलच असं नाही, म्हणून प्रत्येक मुलाने आधी आपल्या घरच्या भाषेतले पाच-सहा शब्द रेकॉर्ड करायचे, तिथून सुरुवात.